बटणाचा चाकू उघडताना शेवटी अडखळतो: स्प्रिंग गेली की दुसरं काही? (आणि पुढची खरेदी)

केटीकर

नमस्कार मंडळी,

बाजूने उघडणारा, लष्करी धाटणीचा खटक्याचा चाकू आहे, सेकंडहँड घेतलेला. पातं साडेआठ सेंटीमीटरच्या आसपास, पोलाद डी-२, वर काळं कोटिंग. मूठ ॲल्युमिनियमची, आत स्टीलचे लायनर (मुठीला आतून लावलेल्या पट्ट्या) नाहीत. बटण-लॉक आहे, सेफ्टी नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. आधीच्या मालकाने काय केलंय ते माहीत नसताना कंपनीला बोल लावणं बरोबर नाही.

तक्रारी अशा:

बटण दाबलं की पातं जोरात सुटतं, पण बरेचदा पूर्ण उघडून लॉक होत नाही. लॉक झालंच तर पातं वर-खाली किंचित हलतं. डावी-उजवीकडे मात्र अजिबात हलत नाही. थंडीत सकाळी हा त्रास वाढतो, दुपारी कमी होतो. बटणाच्या कडेने पिवळट ग्रीस बाहेर आलेलं दिसतं.

स्प्रिंग बदलावी का? बदलायची तर चाकू खोलायचा कसा?

दुसरं म्हणजे, संग्रहातही शोभेल आणि खिशातही राहील असा एक नवा घ्यायचा आहे. ब्योकर प्लस कलाश्निकोव्ह ७४, गर्बर ०६ ऑटो आणि कर्शॉ लाँच यांपैकी कुठला?

तिसरं, डिसेंबरात ह्यूस्टनहून (टेक्सास) गाडीने कोलोरॅडोला आणि तिथून पुढे पुण्याला जायचं आहे. चाकू बरोबर नेला तर चालेल का?

---

बिजागरी

स्प्रिंगला हात लावू नका. या लक्षणांमध्ये स्प्रिंग गेलेली फार क्वचित निघते. थंडीत वाढणारा आणि उन्हात कमी होणारा त्रास म्हणजे जवळजवळ नेहमी घट्ट झालेलं ग्रीस.

आत काय घडतं ते आधी समजून घ्या, म्हणजे निदान तुमचं तुम्हालाच करता येईल. या चाकूत पात्याच्या खिळ्याभोवती (ज्यावर पातं फिरतं तो स्क्रू) वेटोळ्याची स्प्रिंग असते. तिचं एक टोक मुठीतल्या भोकात अडकवलेलं, दुसरं पात्याच्या बुडख्यात, म्हणजे मुठीकडच्या टोकात. चाकू मिटला की स्प्रिंग पिळली जाते. बटण म्हणजे नुसती कळ नाही, तोच लॉक आहे. त्याचा एक भाग जाड आणि एक भाग बारीक कोरलेला असतो, आणि खाली एक छोटी स्प्रिंग त्याला सतत वर ढकलत असते. मिटलेल्या अवस्थेत बटणाचा जाड भाग पात्याच्या खाचेत बसून पातं रोखून धरतो. दाबलं की बारीक भाग समोर येतो, वाट मोकळी होते, पातं सुटतं. पातं स्टॉप पिनवर (उघडं पातं जिथे अडतं ती दांडी) आदळलं की बटण पुन्हा वर उसळून दुसऱ्या खाचेत पाचरीसारखं घट्ट बसलं पाहिजे.

आता तुमच्या दोन्ही तक्रारी एकत्र ठेवून बघा. बटण पूर्ण वर येत नसेल तर पातं पिनवर आदळून परत उसळतं, लॉक लागत नाही; आणि लागला तरी पाचर अर्धवट बसल्यामुळे वर-खाली खेळ राहतो. दोन तक्रारी दिसतात, मूळ एकच असायची दाट शक्यता आहे. पात्याच्या खिळ्यात दोष असता तर डावी-उजवीकडे हललं असतं.

तीन गोष्टी करून बघा आणि इथे लिहा.

पहिली: बटण दाबताना अंगठा लगेच उचलता का? बटण दाबून धरून ठेवलं तर पातं उघडेल, पण लॉक पकडणार नाही. दाबायचं आणि सोडायचं. मुठीवर बाकीची बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत ना, तेही बघा. करंगळीजवळचं बोट किंचित आत गेलं तरी पात्याचा वेग जातो.

दुसरी: बटण पूर्ण दाबून धरा आणि पातं हाताने, पाठीकडून पकडून, सावकाश मिटवा आणि उघडा. स्प्रिंगचा जोर जाणवेलच, त्याखाली घर्षण कसं आहे ते बघा. सगळीकडे सारखं जड असेल तर खिळा जास्त आवळलाय किंवा ग्रीस घट्ट आहे. एकाच जागी खरखरत असेल तर तिथे कचरा किंवा धातूचा बारीक काटा आहे. घर्षण नाही, पण उघडण्याच्या शेवटच्या भागात जोरच संपतो, असं असेल तरच स्प्रिंगचा विचार करायचा.

तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची: पातं हाताने स्टॉप पिनपर्यंत पूर्ण उघडून बटण सोडा. बटण टचकन वर येतं की सावकाश? आल्यावर चाकूची मूठ तळहातावर दोन-तीनदा आपटा. बटण आणखी थोडं वर सरकतंय का?

---

निसणा

बिजागरींच्या म्हणण्याशी सहमत. फक्त तेलाबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे हात पहिला खोबरेलकडे जातो. चाकूच्या सांध्यात खोबरेल अजिबात नको. २४-२५ अंशांखाली ते थिजतं, आणि जुनं झालं की चिकट होऊन कपड्याचे तंतू धरून ठेवतं. करडई, शेंगदाणा, तीळ यांचंही तसंच, हवेने त्यांचा चिकट थर होतो. शिवणयंत्राचं पातळ तेल उत्तम. डब्ल्यूडी-४० ने सांधा धुऊन काढता येतो, पण वंगण म्हणून ते टिकत नाही.

पातं डी-२ आहे म्हणून सांगतो: याला बरेच जण स्टेनलेस समजतात. क्रोमियम ११-१२ टक्के असलं तरी कार्बन दीड टक्क्याच्या आसपास आहे, त्यामुळे बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकतं आणि गंजापासून वाचवायला कमी उरतं. कोटिंगमुळे पात्याची बाजू वाचते, पण धारेवर कोटिंग नसतं. ह्यूस्टनच्या दमट हवेत, घामट खिशात ठिपके पहिले धारेवरच पडतात. लिंबू-टोमॅटो कापला तर लगेच पुसा. धार लावायला डायमंडचा निसणा घ्या. साध्या दगडावर डी-२ फार वेळ खातं. दर बाजूला २० अंश पुरे. ४०० ग्रिटवर (दाण्याच्या बारीकपणाचा आकडा) कड धरली की ८०० ते १००० वर थांबा. जास्त गुळगुळीत केली तर दोरी, पुठ्ठा कापताना उलट सरकते.

धार लावताना पातं उघडून लॉक करूनच लावा, आणि बटणावर कागदी चिकटपट्टी लावून घ्या. जोर देताना अंगठा बटणावर जाणं फार सोपं आहे.

---

केटीकर

दोघांचेही आभार. तिन्ही गोष्टी करून बघितल्या.

अंगठा लगेच उचलला तरी फरक नाही. बटण दाबून हाताने फिरवलं तर पातं सगळीकडे सारखंच, लोण्यातून गेल्यासारखं जड फिरतं, खरखर नाही. आणि तिसऱ्यात सापडलं: बटण सावकाश वर येतं, मध्येच थांबतं. मूठ तळहातावर आपटली की आणखी अर्धा मिलिमीटर तरी वर सरकतं आणि पात्याचा वर-खाली खेळ पूर्ण जातो.

म्हणजे चाकू खोलायचाच का?

---

बिजागरी

खोलू नका, आधी धुवा. निदान झालं: बटणाच्या भोकात आणि पात्याच्या वॉशरवर ग्रीस गोठलंय. आधीच्या मालकाने भरपूर भरलेलं दिसतं. बटण-लॉकमध्ये ग्रीस लागतच नाही.

काय काय घ्यायचं: लायटरमध्ये भरतात तो नॅफ्था (हार्डवेअरच्या दुकानात मिनरल स्पिरिट मिळतं, तेही चालेल), झाकणाची काचेची बरणी, जुना मऊ टूथब्रश, दाबलेल्या हवेचा डबा, शिवणयंत्राचं तेल आणि सुई. आयसोप्रोपाइल अल्कोहोल तेलकट डागांना ठीक आहे, पण घट्ट ग्रीस त्याने नीट सुटत नाही. काम मोकळ्या हवेत करा, जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. हातमोजे आणि चष्मा घाला.

पातं उघडं ठेवून सांध्याचा आणि बटणाचा भाग बुडेल इतका नॅफ्था बरणीत घ्या आणि अर्धा तास ठेवा. मग बाहेर काढून बटण वीस-पंचवीस वेळा दाबा-सोडा. कडेने पिवळं पाणी निघेल. पुन्हा स्वच्छ नॅफ्थात. पाणी पिवळं यायचं थांबेपर्यंत हेच. शेवटी दाबलेली हवा आधी बटणाच्या कडेने, मग सांध्यात दोन्ही बाजूंनी, आणि मग मुठीच्या मागच्या फटीतून आतल्या बाजूला.  रात्रभर सुकू द्या.

तेल सुईच्या टोकाने: सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक थेंब, बस्स. बटणाला तेल देऊ नका, किंवा दिलंच तर कापडावर पुसून जेवढं उरेल तेवढं. तिथला ओलावा खिशातले तंतू ओढतो आणि सहा महिन्यांत हाच त्रास परत येतो.

मग खिळा किती आवळलाय ते तपासा. टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचं) बिट आधी घालून बघा: खिळ्याला बहुधा टी-८ किंवा टी-१०, मुठीच्या स्क्रूंना टी-६. बिट सैल बसत असेल तर पिळू नका, तोंड गोल झालं की स्क्रू वाया गेला. एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग सैल करायचा, उघडून बघायचं. डावी-उजवीकडे खेळ सुरू झाला की तेवढंच परत आवळायचं.

एवढ्यावर तुमचं काम व्हायला हवं.

खोलायची वेळ आलीच तर पुढचं लक्षात ठेवा. बऱ्याच कंपन्या खोललेल्या चाकूची वॉरंटी मानत नाहीत, ते आधी वाचा. चाकू नेहमी उघड्या अवस्थेत खोलायचा, कारण मिटलेला असताना स्प्रिंग पूर्ण पिळलेली असते. उघडा असतानाही तिच्यात थोडा ताण शिल्लक ठेवलेला असतो, नाहीतर पातं शेवटपर्यंत गेलंच नसतं. हात, चाकू आणि स्क्रूड्रायव्हर सगळं मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून काम करा. बटणाखालची स्प्रिंग उडाली की कार्पेटमध्ये सापडत नाही. क्रम असा: क्लिप, मुठीचे स्क्रू, सगळ्यात शेवटी खिळा. स्क्रू हलत नसेल तर त्यावर लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) आहे. सोल्डरिंग गनचं टोक त्या स्क्रूवर अर्धा मिनिट टेकवा, मग फिरवा. वरची बाजू उचलण्याआधी फोटो काढा, आणि उचलल्यावर काही हलवण्याआधी दुसरा काढा. स्प्रिंगचं कुठलं टोक कुठल्या भोकात होतं आणि वॉशरची कुठली बाजू वर होती हे नंतर आठवत नाही.

स्प्रिंगचं वाकवलेलं टोक सरळ झालेलं किंवा भोकातून अर्धं सुटलेलं दिसलं तर ते जोर कमी होण्याचं खरं कारण. तारेला चिमट्याने परत वाकवू नका, त्याच जागी तुटते. नवी घ्या.

परत जोडताना खिळ्याच्या आट्यांना जांभळं लॉकटाइट २२२. आटे आधी नॅफ्थाने कोरडे करायचे, मग टाचणीच्या टोकाएवढं. निळं २४३ चालतं, लाल कधीच नाही. जास्त झालं तर ते ओघळून वॉशरवर जातं आणि पातं जागीच चिकटतं. २४ तास सुकल्याशिवाय बटण दाबायचं नाही. दर उघडण्यागणिक पातं स्टॉप पिनवर आपटतं, त्या धक्क्यांनी या चाकूंचे खिळे इतरांपेक्षा लवकर सैल होतात, म्हणून लॉकटाइट टाळू नका.

आणि एक आवर्जून: बटणाचा जो भाग पात्याच्या खाचेत बसतो त्याला कानस किंवा पॉलिश पेपर लावायचा नाही. "थोडं गुळगुळीत करतो म्हणजे सहज चालेल" असं सांगणारे व्हिडिओ आहेत. तो उतार अंशांमध्ये मोजून बनवलेला असतो. तो बदलला की जोर पडताच बटण खाली सरकतं आणि पातं बोटांवर मिटतं. झिजलं असेल तर बटण बदलायचं.

---

रेटनघाट

कायद्याचं मी सांगतो, कारण तुमचा रस्ताच अडचणीचा आहे.

टेक्सासमध्ये तुम्ही निश्चिंत आहात. १ सप्टेंबर २०१३ पासून खटक्याच्या चाकूवरची बंदी उठली. २०१७ मध्ये कायदा आणखी सोपा झाला. आता फक्त साडेपाच इंचांपेक्षा लांब पात्याच्या चाकूला शाळा, बार, न्यायालय अशा ठरावीक जागी मनाई आहे. तुमचं पातं त्याच्या कितीतरी खाली आहे. शहरांना वेगळे नियम करायची मुभा टेक्सासमध्ये नाही.

पण ॲमरिलोवरून ८७ नंबरने निघालात की टेक्सलाइननंतर क्लेटन आणि रेटन लागतं, म्हणजे न्यू मेक्सिको. तिथे खटक्याचा चाकू नुसता जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे. डिकीत कुलूपबंद पेटीत ठेवला म्हणून सुटका नाही. बंदुकीला राज्याराज्यांतून नेताना जे केंद्रीय संरक्षण मिळतं ते चाकूला मिळत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. न्यायचाच असेल तर डुमासवरून २८७ धरा, ओक्लाहोमातलं बॉइझ सिटी आणि पुढे लमार. ओक्लाहोमात २०१५ पासून आणि कोलोरॅडोत २०१७ पासून राज्य पातळीवर बंदी नाही. कोलोरॅडोत मात्र शहरांना स्वतःचे नियम करता येतात, तेव्हा डेन्व्हरमध्ये खिशात घालण्याआधी तिथला नियम वाचा. वाटेत सरकारी केंद्रीय इमारतीत जायचं असेल तर अडीच इंचांपेक्षा कमी पात्याचा खिशातला चाकू तेवढा धोकादायक हत्यारांतून वगळलेला आहे. तुमचा त्यात बसत नाही.

१९५८ चा केंद्रीय कायदा अजून आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात असे चाकू व्यापारासाठी पाठवण्यावर त्याची बंदी आहे. सैन्यदलांना आणि एक हात असलेल्या व्यक्तीला, तीन इंचांपर्यंतच्या पात्यासाठी, सूट आहे. सरकारी टपालाने हा चाकू मित्राला पाठवू नका, दुरुस्तीला पाठवायचा तर कंपनीला आधी विचारा. स्प्रिंगची मदत असलेले पण हाताने ढकलून उघडायचे चाकू २००९ च्या दुरुस्तीने यातून बाहेर काढले, ते वेगळे.

आता पुणे. नेऊ नका. एवढं ठाम सांगतो.

भारतात शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची मोजमापं आहेत, ती वाचून "आपला चाकू लहान आहे" असं वाटतं. पण तेवढ्यावर विषय संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त हत्यार बाळगण्यावर मनाई आदेश काढतात, आणि मोठ्या शहरांत असे आदेश एकामागून एक लागूच असतात. पेपरातली नेहमीची ओळ आठवा: "शस्त्र अधिनियम कलम ४, २५ आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम ३७ (१), १३५ प्रमाणे गुन्हा." दिल्लीमार्गे जाणार असाल तर तिथे १९८० ची अधिसूचना खास बटणदार आणि खटक्याच्या चाकूंबद्दल आहे, त्यात लांबीची रेष ७.६२ सेंटीमीटर आणि रुंदीची १.७२ सेंटीमीटर आहे. तुमचं पातं साडेआठ आहे. घरगुती, शेतीची आणि कारखान्याची अवजारं भारतीय नियमांतून वगळलेली आहेत, पण काळ्या कोटिंगचा लष्करी धाटणीचा खटक्याचा चाकू हे भाजी चिरायचं अवजार आहे असं पोलीस ठाण्यात पटवून देणं शक्य नाही. आपल्याकडे अशा चाकूला "रामपुरी" म्हणूनच बघतात.

विमान लंडनमार्गे असेल तर आणखी वाईट. ब्रिटनमध्ये फ्लिक-नाइफ विकायला १९५९ पासून बंदी आहे आणि जुलै २०२१ पासून इंग्लंडमध्ये तो घरात ठेवणंसुद्धा गुन्हा आहे. सामानातल्या बॅगेत असला तरी चुकलेल्या कनेक्शनने बॅग तिथे हातात यायला वेळ लागत नाही.

कोलोरॅडोहूनच पुढे उडणार असाल तर चाकू टेक्सासमध्येच ठेवून निघा. पुण्यात पार्सल उघडायला, फळ कापायला साधा स्विस चाकू पुरतो, तोही केबिनमध्ये नाही, बॅगेत.

---

जुनंपोलाद

खरेदीबद्दल.

संग्रह आणि रोजचा वापर एकाच चाकूत बसवू नका, एवढंच माझं म्हणणं. संग्रहातला चाकू धार न लावलेला, खोका आणि कागदांसकट, बटण न कुटलेला असावा लागतो. खिशातला चाकू महिन्याभरात कोटिंग घासलेला होणारच, आणि व्हायलाही हवा.

रोजच्यासाठी कलाश्निकोव्ह ७४ चांगला. डिझाइन सोलिंगेनच्या डीटमार पोल यांचं. मुठीच्या खाचा आणि बाक एके रायफलच्या ओळखीवर बेतलेले, आणि ७४ हा आकडा १९७४ च्या एके-७४ वरून. पातं सव्वातीन इंचांच्या आसपास, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. ब्योकर प्लस ही मालिका सोलिंगेनमध्ये बनत नाही, डिझाइन तिथलं आणि उत्पादन बाहेर. म्हणूनच किंमत आवाक्यात आहे. एयूएस-८ आणि डी-२ अशा दोन पोलादांत मिळतो. ह्यूस्टनसाठी एयूएस-८ घ्या. धार डी-२ इतकी टिकत नाही, पण साध्या दगडावर पाच मिनिटांत परत येते आणि गंजाची कटकट बरीच कमी.

गर्बर ०६ ची गोष्ट वेगळी. पोर्टलंडमध्ये बनलेला, एस-३०-व्ही पोलाद, ३.६ इंच पातं, मुठीच्या टोकाला काच फोडायचा टोकदार भाग, सरकती सेफ्टी. हातात घेतला की भरवसा वाटतो, पण वजन कलाश्निकोव्हच्या जवळपास दुप्पट. पट्ट्याला लावायचा असेल तर हाच; ऑफिसच्या पँटच्या खिशात खिसा लोंबतो. कर्शॉ लाँच तिन्हींत सगळ्यात सुबक: सीपीएम-१५४ पोलाद, बनावट ओरेगॉनची. लाँच १ चं पातं ३.४ इंच. लाँच ४ चं पातं १.९ इंच, ते कॅलिफोर्नियाच्या दोन इंचांच्या मर्यादेखाली बसावं म्हणून. तुमचं कॅलिफोर्नियाला जाणं-येणं असेल तर ते बघा. लष्करी धाटणी मात्र लाँचमध्ये नाही.

संग्रहासाठी माझं मत विचाराल तर नव्या "टॅक्टिकल" मालामागे धावू नका. खरंच सैन्यात गेलेले खटक्याचे चाकू अजून मिळतात आणि त्यांना इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी छत्रीधारी सैनिकांना एम-२ नावाचा बटणाचा चाकू दिला होता, कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टच्या जॉर्ज श्रेड कंपनीचा. त्यांच्या १९४२ च्या जंप जॅकेटला गळ्याखाली त्याच्यासाठी चेनचा खास खिसा होता. झाडावर छत्री अडकून लटकलं, एक हात दोऱ्यांत गुंतला, तर उरलेल्या एका हाताने चाकू काढून उघडता यावा हा हेतू. खटक्याचा चाकू सैन्यात आला तो या कामासाठी, मारामारीसाठी नाही. नंतर वैमानिकांसाठी एमसी-१ आला, नारिंगी मुठीचा, दोन पात्यांचा: एक स्प्रिंगचं आणि दुसरं आकड्याच्या आकाराचं, छत्रीच्या दोऱ्या कापायला. आकडा स्प्रिंगने उघडत नाही. तो उघडाच ठेवून खिशात घालायचा, म्हणजे हात गेला की थेट काम सुरू. एमसी-१ कॅमिलस आणि श्रेड (वरच्या जॉर्ज श्रेडपेक्षा वेगळी) या दोन्ही कंपन्यांनी बनवला. श्रेड २००४ मध्ये आणि जुनी कॅमिलस २००७ मध्ये बंद झाली, त्यामुळे नवा येणार नाही, आणि तरीही एम-२ च्या मानाने एमसी-१ अजून आवाक्यात आहे. सुरुवात त्याच्यापासून करा.

घेताना बघायचं ते असं. बुडख्यावरचा ठसा वाचा. घासून गेलेला असेल तर किंमत त्या मानाने. पातं किती वेळा धार लावून झिजलंय ते मिटल्यावर टोक मुठीत किती खोल जातं त्यावरून कळतं. नारिंगी प्लास्टिकला खिळ्यांजवळ केसासारखे तडे असतात, भिंग घेऊन बघा. बटण दाबून पातं न सोडता, हाताने धरून सावकाश उघडायला विक्रेत्याला सांगा. जुन्या स्प्रिंगला आदळआपट नको, एकदा तुटली की त्या मापाची मिळणं कठीण.

ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवायचं नाही. कातडं कमावताना वापरलेली आम्लं आणि मीठ पोलादावर डाग पाडतात आणि पितळेवर हिरवा थर आणतात. पात्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, सुती कापडात गुंडाळी, हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी. मिटलेला ठेवला तर स्प्रिंग मरते का, असं नेहमी विचारतात. चांगली स्प्रिंग नुसती पिळून ठेवल्याने खराब होत नाही, पुन्हापुन्हा उघडझाप केल्याने थकते. टीव्ही बघता बघता टिक-टिक करत बसणं हे तिचं आयुष्य खाणारं काम, आणि ॲल्युमिनियमच्या मुठीत स्टॉप पिनचं भोकही त्यानेच लांबट होतं.

---

केटीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. नॅफ्थात धुतला, आतून एवढं ग्रीस निघालं की बरणी दोनदा बदलावी लागली. आता बटण टचकन वर येतं, पातं दर वेळी लॉक होतं, वर-खाली खेळ नाही. खिळा आठवा भाग सैल केला, तिथेच ठेवला.

पुण्याला आणि कोलोरॅडोलाही नेत नाही. कलाश्निकोव्ह एयूएस-८ मध्ये मागवतो, एमसी-१ शोधतो.

शेवटचा प्रश्न: सेफ्टी नसलेला चाकू खिशात कसा ठेवावा? खिशातच उघडण्याची भीती वाटते.

---

बिजागरी

उजव्या पुढच्या खिशात, क्लिपने, खिशाच्या मागच्या शिवणीला टेकवून. मिटलेल्या चाकूत पात्याची पाठ ज्या बाजूला असते ती बाजू शिवणीकडे यायला हवी. बटण चुकून दाबलं गेलंच तर पातं शिवणीवर अडतं, उघडायला जागा मिळत नाही. क्लिप उलट बाजूला असेल आणि पाठ खिशाच्या पोकळीकडे येत असेल तर क्लिप बदलता येते का बघा. नसेल तर तो चाकू पिशवीत ठेवा.

घेण्याआधीची परीक्षा: मिटलेला चाकू पँटच्या कापडात गुंडाळून वरून अंगठ्याने साधारण दाबा. सुटला तर बटण फार वर आहे. चांगल्या चाकूत ते मुठीच्या पातळीत किंवा किंचित खाली बसवलेलं असतं. ही परीक्षा पात्याची वाट मांडीकडे नसताना करा.

त्याच खिशात किल्ल्या, नाणी नकोत. बटणावर दाब देणारी वस्तू बहुतेकदा किल्लीच असते. तंग जीन्समध्ये गाडी चालवत बसायचं असेल तर चाकू काढून ठेवा, कारण बसल्यावर मांडी आणि कापड मिळून बटणावर सरळ दाब येतो. आणि आठवड्यातून एकदा बटणाच्या कडेने कोरडा टूथब्रश फिरवा, खिशातले तंतू तिथेच जमतात.